जपानमध्ये घर मांडताना आणि फिरताना: पहिल्या बॅगेपासून पहिल्या सहलींपर्यंत

टोकियोला यायला निघालेली मराठी मंडळी मला विचारतात की साकुरा कधी फुलतो, फुजी कुठून दिसतो, कणीक मिळते का. मी मात्र आधी कागदपत्रांबद्दल सांगते, मग कचऱ्याबद्दल, आणि फुजी शेवटी येतो. मी टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाईत राहते. २००० च्या आसपासपासून आयटीतली भारतीय कुटुंबं इथे स्थिरावत गेली. याच वॉर्डातून २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक वॉर्ड सभेवर निवडून आले. इतक्या वर्षांत नव्या कुटुंबांना मदत करताना एक गोष्ट पक्की कळली. इथे प्रत्येक कामाला ठरलेला क्रम असतो. तो चुकला तर चांगली जपानी येणाऱ्याचंही काम अडतं, आणि ठाऊक असला तर मोडक्यातोडक्या जपानीवर निभावतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिते आहे.

निघण्यापूर्वी: मिक्सर, कुकर आणि औषधं

जपानमधली वीज १०० व्होल्टची आहे. आपला २३० व्होल्टचा मिक्सर इथे लावला तर पातं कसंबसं फिरतं आणि चटणी होत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढवणारा जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तेवढ्या पैशात इथलाच छोटा ग्राइंडर येतो, फक्त ओलं खोबरं त्यात आपल्यासारखं बारीक होत नाही. मोबाईल आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, पण पिना दोन आणि चपट्या असतात, त्यामुळे ॲडॉप्टर हवा. कुकर जरूर आणा, मात्र इंडक्शनवर चालणाऱ्या स्टीलच्या बुडाचा आणा. बऱ्याच नव्या घरांत गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी असते आणि ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. जादा रिंग आणि शिट्ट्या घ्यायला विसरू नका.

डॉक्टरने लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून आधी परवानगीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सर्दीच्या गोळ्या विशेष तपासून घ्या. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ती इथे आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे बॅगेत घालू नका. वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच काढून घेतात. मसाला मात्र भरपूर आणा. गोडा मसाला इथल्या भारतीय दुकानात मिळेलच असं नाही.

पहिले १४ दिवस

तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलात तर नारिता किंवा हानेदा विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड, म्हणजे झाइऱ्यू कार्ड, हातात मिळतं. १६ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी रहिवाशाने ते कायम जवळ बाळगायचं असतं. भाजी आणायला जातानाही.

घराचा पत्ता ठरला की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत, जाऊन तो नोंदवा. तिथे कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता छापून देतात. कुटुंब सोबत असेल तर सगळ्यांची कार्डं आणि पासपोर्ट न्या. विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले, त्यांच्या जपानी भाषांतरासह, हाताशी ठेवा. त्याच फेरीत पत्त्याचा दाखला काढून घ्या. त्याला जुमिन्ह्यो म्हणतात आणि पुढे तो लागतोच. १२ आकडी माय नंबर, म्हणजे इथला ओळखक्रमांक, काही आठवड्यांनी टपालाने घरी येतो, म्हणून दारावरच्या टपालपेटीवर आपलं नाव आधीच चिकटवा.

इथे मराठी माणसाची खास अडचण येते ती नावाची. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन नावं असतात. जपानी फॉर्मवर दोनांसाठीच जागा असते. त्यात काताकाना लिपीत ळ, ण, ल हे उच्चारच नाहीत. 'कुळकर्णी'चं 'कुरुकारुनि' होतं. वॉर्ड ऑफिसात एक, बँकेत दुसरं, मोबाईल कंपनीकडे तिसरं असं लिहिलं गेलं की पगार जमा होताना किंवा बिलं खात्याला जोडताना नावं जुळत नाहीत. पहिल्याच दिवशी एका जपानी सहकाऱ्याकडून काताकानातलं नाव लिहून घ्या, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि प्रत्येक फॉर्मवर तेच अक्षरशः उतरवा. हे एवढं केलंत तर पुढचे निम्मे हेलपाटे वाचतील.

त्यानंतर मोबाईल नंबर, आणि मगच बँक. बँकेला नंबर लागतो. भारतातलं क्रेडिट कार्ड चालवून घेणारी एखादी सिम कंपनी शोधून आधी नंबर घ्या. जपानमध्ये येऊन सहा महिने झालेले नसतील तर बऱ्याच बँका तुम्हाला अनिवासी धरतात. इथे नोकरी असेल तर कंपनीचं ओळखपत्र किंवा पत्र दाखवून तो प्रश्न बहुधा सुटतो. हांको, म्हणजे नावाचा शिक्का, आता सगळीकडे मागत नाहीत आणि सहीवर भागतं.

आरोग्य विमा कंपनीकडून नसेल तर राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंद त्याच वॉर्ड ऑफिसात होते. त्यानंतर उपचाराच्या खर्चाचा ३० टक्के भाग आपण भरायचा. डिसेंबर २०२४ पासून विम्याचं वेगळं कार्ड नव्याने देणं बंद झालं आहे. आता ते माय नंबर कार्डाला जोडलं जातं. साध्या तापासाठी मोठ्या रुग्णालयात जाऊ नका. क्लिनिकच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गेलात तर वेगळे ७,००० येन किंवा त्याहून अधिक द्यावे लागतात. घराजवळचं क्लिनिक गाठा, आणि ते आठवड्यातून कुठल्या दिवशी बंद असतं ते आधीच बघून ठेवा.

भारतीय कंपनीने थोड्या काळासाठी पाठवलं असेल तर दोन्ही देशांतला सामाजिक सुरक्षा करार उपयोगी पडतो. तो ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भारतातला भविष्य निर्वाह निधी चालू असल्याचं प्रमाणपत्र आणलं की जपानी पेन्शनची कपात टळते. हे प्रमाणपत्र निघण्याआधीच काढून घ्यायचं असतं.

घर

भाड्याचं घर घेताना पहिल्या महिन्यात भाड्याच्या चार-पाच पट रक्कम जाऊ शकते. शिकिकिन म्हणजे अनामत. ती सफाईचा खर्च कापून परत मिळते. रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायची भेट, ती परत मिळत नाही. त्यावर एजंटची दलाली, हमी देणाऱ्या कंपनीची फी आणि पहिलं भाडं. टोकियोत दर दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणाचं एक महिन्याचं भाडंही अनेक ठिकाणी घेतात.

परदेशी माणसाला घर नाकारणारे मालक आहेत. आम्हालाही एका एजंटच्या दुकानात खुर्चीवर बसण्याआधीच तसं सांगण्यात आलं होतं. ते फार लागलं. तेव्हा एका शेजारणीने यूआरची घरं सुचवली. या सरकारी गृहसंस्थेच्या घरांना रेइकिन, दलाली, नूतनीकरणाची फी आणि जामीनदार यांपैकी काहीच लागत नाही. उत्पन्नाची अट तेवढी असते. निशि-कासाईत इतकी भारतीय कुटुंबं दिसण्यामागे इथल्या यूआरच्या इमारतींचा मोठा वाटा आहे. जुन्या बांधणीची असली तरी हवेशीर घरं असतात. नव्याने येणाऱ्याला मी आधी हीच बघायला सांगते.

घर रिकामं मिळतं, म्हणजे अगदी रिकामं. पुष्कळदा छतावर दिवे नसतात, खिडक्यांना पडदे नसतात, शेगडी नसते. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि तेव्हा घरी कोणीतरी असावंच लागतं. म्हणून त्याची वेळ राहायला जाण्याच्या आठवडाभर आधी घ्या, नाहीतर पहिली रात्र गार पाण्यावर जाते.

कचरा

घर मिळालं की वॉर्डाचं कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या. इंग्रजीत मिळतं, फ्रिजवर लावा. जळणारा कचरा, म्हणजे मोएरु गोमी, आठवड्यातून दोन-तीनदा उचलतात. कागद, बाटल्या, डबे एका ठरलेल्या वारी आणि न जळणारा कचरा महिन्यातून एखाद-दोनदा. पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पिशवीत भरून सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी ठेवायचा. आदल्या रात्री नाही. वरून जाळी नीट ओढायची, कारण टोकियोचे कावळे पिशव्या फोडतात. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वेष्टण काढून, ती विसळून, चेपून टाकायची. वापरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. ते गोठवणारी पावडर मिळते. थिजलं की जळणाऱ्या कचऱ्यात टाका. दिवाळीच्या तळणानंतर ही पावडर लागतेच.

मोठी वस्तू, म्हणजे गादी, खुर्ची, सायकल टाकायची तर फोनवर किंवा ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या सुपरमार्केटमधून, ठरलेल्या रकमेचं स्टिकर आणून चिकटवावं लागतं आणि सांगितलेल्या दिवशी खाली ठेवावं लागतं. याला सोदाई गोमी म्हणतात.

यावर इतकं लिहिते आहे, कारण शेजारी तुम्हाला ओळखतात ते यावरून. आमची एक पिशवी पहिल्या महिन्यात लाल चिठ्ठी लावून तशीच मागे राहिली होती. मी ती वर आणली आणि पुन्हा वेगळी केली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी स्वतःहून बोलायला आल्या, आणि तिथून आमची ओळख सुरू झाली.

खाणं: दाशीची गोष्ट

'मी मांस खात नाही' एवढं सांगून शाकाहार होत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी आहे. हे पाणी बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवून धुरावलेला बोनिटो मासा, आणि कोंबू हे समुद्री शेवाळ यांपासून बनतं. मिसो सूप, उदोन, सोबा या शेवयांबरोबरचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, इनारी सुशीचं वरचं तोफूचं पाकीट या सगळ्यांत ते असतं. काही मिठायांत जिलेटिन असतं आणि काही ब्रेडमध्ये डुकराची चरबी. चालणार नसेल तर नेमकं म्हणा: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ दाशी मो दामे देसु.' मांस आणि मासे खात नाही, बोनिटोचा रस्साही नको. ज्यांना मासे चालतात, त्यांना इथे काहीच अडत नाही. कोकणातल्या माणसाला बांगडा मीठ लावून भाजलेला मिळाला की घरी आल्यासारखंच वाटतं.

सुपरमार्केटमध्ये पाकिटांवर मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा. अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणे, सोबा (कुट्टू) आणि अक्रोड यांचा उल्लेख ॲलर्जीमुळे सक्तीचा आहे, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांना हे लवकर कळतं. कोंबिनीत अडचणीच्या वेळी नुसत्या मिठाचा भाताचा गोळा, म्हणजे शिओ-मुसुबी, सगळ्यांत भरवशाचा. कणीक, तूरडाळ, पोहे निशि-कासाई आणि शिन-ओकुबो इथल्या भारतीय दुकानांत मिळतात. भाज्यांत मुळा, कोबी, पालक, भोपळा उत्तम. कोथिंबीर महाग, म्हणून खिडकीत कुंडीत लावा. संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटमध्ये निम्म्या किमतीची स्टिकरं लागतात. बाहेर नेलेल्या खाण्यावर ८ टक्के कर आहे आणि तिथेच बसून खाल्लं तर १० टक्के. म्हणून काउंटरवर आधी विचारतात.

ट्रेन

सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या, किंवा मोबाईलमध्ये भरा. मेट्रो, जेआर (जपान रेल्वे), बस, कोंबिनी सगळीकडे चालतं. एक मर्यादा लक्षात ठेवा: टोकियोच्या पट्ट्यात कार्ड लावून आत शिरलात आणि क्योतोच्या पट्ट्यात बाहेर पडलात तर ते चालत नाही. लांबच्या प्रवासाला तिकीट काढावं.

गाडीचा प्रकार वाचायला शिका. आमच्या तोझाई या मेट्रो लाइनवर जलद गाडी तोयोचोनंतर थेट उरायासूला थांबते. मधली निशि-कासाई आणि कासाई ती गाळते. नवीन आलेला प्रत्येक जण एकदा उरायासूहून परत येतो. 'काकुएकी' म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी, 'काइसोकु' म्हणजे जलद. जेआरच्या 'तोक्क्यू'ला वेगळं तिकीट लागतं, केइओ कंपनीच्या तोक्क्यूला लागत नाही. सकाळी साडेसात ते नऊ तोझाई लाइन मुंबईच्या लोकलची आठवण करून देते, पण आवाज मात्र अजिबात नसतो. पाठीवरची बॅग पुढे घ्या, फोन सायलेंटवर ठेवा. शेवटची गाडी साधारण मध्यरात्री असते आणि तिच्यानंतर टॅक्सी खिसा रिकामा करते.

जेआरच्या गाड्यांतून ठरावीक दिवस हवं तितकं फिरू देणाऱ्या जपान रेल पासची आशा रहिवाशांनी धरू नये. तो अल्प मुदतीच्या पर्यटक शिक्क्यावरच मिळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. त्यामुळे भेटीला आलेल्या आईवडिलांसाठीही आधी सुट्या तिकिटांचा हिशेब करा. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन एवढाच बेत असेल तर सुटं तिकीट स्वस्त पडतं.

पहिल्या सहली

पहिल्या महिन्यात लांब जाऊ नका. आमच्याकडून कासाई रिंकाई पार्क जवळ. समुद्र, मोकळं मैदान आणि प्रवेश मोफत. तिथे डबा न्यायचा, कचरा परत आणायचा. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत झालेल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर सार्वजनिक जागांतल्या कचराकुंड्या खूप कमी झाल्या, म्हणून रिकामी पिशवी, हातरुमाल आणि थोडी नाणी या तीन वस्तू प्रत्येक सहलीत हव्यात. अनेक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं, आणि बऱ्याच देवळांत अजूनही फक्त रोख चालते.

दुसरी सहल ताकाओ डोंगराची. ५९९ मीटर उंच, शिंजुकूहून केइओच्या गाडीने तासाभराच्या आत. पहिल्या क्रमांकाची वाट बरीचशी फरसबंद आहे, वयस्कर माणसंही चढतात. हवा स्वच्छ असेल तर वरून फुजी दिसतो. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी, शक्यता जास्त. सिंहगडावर दर रविवारी जाणाऱ्यांना इथली गर्दी ओळखीची वाटेल.

कामाकुरासाठी मात्र पूर्ण दिवस ठेवा, आणि शक्यतो आठवड्यातला कामाचा वार. कामाकुरा स्टेशनवर न उतरता आधीच्या किता-कामाकुराला उतरा. स्टेशनाला लागूनच १२८२ मध्ये स्थापन झालेलं एंगाकु-जी हे बौद्ध मंदिर आहे. सकाळी तिथल्या देवदारांखाली जी शांतता असते तिच्यासाठी लवकर उठायला हवं. तिथून चालत केंचो-जी, पुढे त्सुरुगाओका हाचिमान देवस्थान. दुपारी एनोदेन या छोट्या गाडीने हासेला उतरून महाबुद्ध बघा. १३ व्या शतकातली ही ११.३ मीटर उंचीची ब्राँझची मूर्ती उघड्यावर बसली आहे, कारण तिच्यावरचं मंदिर पंधराव्या शतकाच्या अखेरीस नाहीसं झालं आणि पुन्हा बांधलं गेलं नाही. मूर्तीच्या पोटात शिरता येतं, ओतकामाचे सांधे आतून हाताने चाचपता येतात. देवळं साडेचार-पाचला बंद होतात, तेव्हा एनोशिमा हे बेट शेवटी ठेवायचं. तिथली बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. वीणेच्या जागी हातात बिवा हे जपानी तंतुवाद्य असतं.

निक्को आणि हाकोने ऋतू बघून ठरवा. निक्को ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रंगांत सुंदर, पण इरोहाझाका घाटात तेव्हा बस तासन्‌तास अडकते. सुट्टीच्या दिवसापेक्षा एखादा मंगळवार बरा. हाकोनेत गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने पूर्ण अंघोळ करायची, केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. कपड्यांशिवाय उतरायचं असतं. संकोच वाटत असेल तर तासाच्या भाड्याने स्वतंत्र कुंड मिळतं.

फुजी चढायचा असेल तर मोसम जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ३,७७६ मीटर उंची आहे, वर भर उन्हाळ्यातही गोठायला होतं. २०२५ पासून चारही वाटांवर ४,००० येन शुल्क आहे आणि डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीचं आरक्षण नसेल तर दुपारी दोननंतर वर सोडत नाहीत. एप्रिलअखेर ते मेची सुरुवात, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण आणि नववर्ष या तीन काळांत सगळा जपान प्रवासाला निघालेला असतो. तेव्हा घरी राहा आणि शहर बघा.

भूकंपाची तयारी

मोबाईलवर एकदम कर्कश इशारा वाजला तर टेबलाखाली जा, डोकं झाका आणि धक्के थांबेपर्यंत बाहेर पळू नका. थांबल्यावर गॅस बंद करा, दार उघडं ठेवा. आपल्या इमारतीचं आश्रयस्थान कुठलं, बहुधा ती जवळची शाळा असते, ते एकदा चालत जाऊन बघून या. माणशी रोज ३ लिटर या हिशेबाने किमान तीन दिवसांचं पाणी ठेवा. रुग्णवाहिका आणि आग ११९, पोलीस ११०. आपत्तीत घरच्यांना निरोप ठेवायला १७१. आमच्या आपत्कालीन पिशवीत चिवडा आणि गूळ-शेंगदाण्याच्या वड्याही असतात, त्या मी दर सहा महिन्यांनी बदलते.

एक सहल आपल्या माणसांसाठी

असाकुसाचं सेन्सो-जी मंदिर सगळेच बघतात. तिथून सुमिदा नदीच्या बाजूने दहा-पंधरा मिनिटं चालत गेलात की एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ लागतं. इथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध परंपरेतून जपानला पोचलेला गणपती. मूर्ती झाकलेली असते, दर्शनाला मिळत नाही. मोदकांच्या जागी इथे मुळा वाहतात. आवारात सगळीकडे जोडमुळ्याची आणि पैशाच्या थैलीची चिन्हं कोरलेली दिसतील. मुळा तिथेच विकत मिळतो. तो दोन्ही हातांनी पुढे ठेवायचा, हात जोडायचे, आत फोटो काढायचे नाहीत. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, त्या दिवशी शिजवलेला मुळा भाविकांना देतात. एरवी वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून बाहेर ठेवलेले असतात, एक घरी नेता येतो. माझी आई भेटीला आली तेव्हा पदराखाली धरून तिने तो मेट्रोतून निशि-कासाईपर्यंत आणला आणि रात्री दही, शेंगदाण्याचं कूट, वर हिंगाची फोडणी घालून त्याची कोशिंबीर केली. खालच्या आजींनाही वाटीभर दिली.